खोली एकतीस, रोल्ला, शारजा

सहा जण होतो तेव्हा खोली पुरत नव्हती.
मे महिन्यात परकार गेला दापोलीला,
मग नेल्लोरचा वेल्डर, मग दोघे एकदम.
आता पाय पसरायला जागाच जागा
आणि भाडं दोघांत.

रिकाम्या खाटेवर आम्ही कांदे पसरलेत.

परकारचं घड्याळ इथेच राहिलं.
पहाटे चारला अजून ठणाणा करतं,
साइटची बस येईल म्हणून.
बस येत नाही.
सुर्वे तरी उठतो, दाढी करतो,
तेच ब्लेड, उलटून.

शुक्रवारी एक्स्चेंजच्या खिडकीत
दीडशे दिरहम सरकवले.
फी तेवढीच, बाराशेला होती ती.
दोनच नोटा,
पण काउंटरवरच्या बाईने तीनदा मोजल्या,
गड्डी असावी तशा.

घरून फोन: तिकडे उकडत असेल ना?
म्हटलं, हो, खूप.
एसी बंद ठेवतो, गच्चीवर निजतो,
ते राहूनच गेलं सांगायचं.

आज एक पोरगा आला खोली बघायला.
मिसरूडही नीट नाही,
बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच.
काम मिळेल ना हो इथे?

सुर्वे काही बोलला नाही.
खाटेवरचे कांदे
पिशवीत भरायला लागला.