दोन तृतीयांश

ऑरोरा, इलिनॉय. मक्याच्या शेतांपलीकडे
खिडक्या नसलेली एक इमारत
आणि तिच्याकडे तोंड करून उभे मनोरे.
अकरा वर्षं मी तिथं वेळ कापला.
घालवला नाही, कापला,
शिंपी कापतो तसा, आधी खडूची रेघ मारून.

एका विपळाचे चाळीस हजार तुकडे करा,
त्यातल्या एकावर आमचा बोनस ठरायचा.
आई फोनवर म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.
मी म्हणायचे, इथं बाशिंगाचेच पैसे मिळतात.

काचेच्या तारेत प्रकाश रखडतो,
दोन तृतीयांश वेगानं जेमतेम,
म्हणून आम्ही तार सोडून हवेत गेलो,
मनोऱ्यावरून मनोऱ्यावर, थेट न्यू जर्सीपर्यंत.
वेंडेल काझमारेक उणे वीसमध्ये वर चढायचा,
तबकडी काढून ओढ्यापलीकडच्या मनोऱ्यावर न्यायचा
(रेघ तेवढीच सरळ),
मग कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून विचारायचा,
"किती वाचले?"
"तीनशे नॅनोसेकंद."
"बरं. मुलीला सांगतो."

तो वेग एकट्याचा होता.
पहिला पोचला त्याचं सगळं.
दुसरा म्हणजे शेवटचा.

आता सायलेन्सर बदलणाऱ्या दुकानाच्या माळ्यावर
सहा टेबलं, आणि आम्ही ब्लॉकचेन वेगवान करतो.
हत्यारं मी जुनीच आणली:
प्रोसेसरला डुलकी लागू द्यायची नाही,
कर्नेलला वळसा घालून थेट कार्डाशी बोलायचं.
पहिल्याच आठवड्यात सही तपासायचा वेळ निम्म्यावर.
टाळ्या. पिझ्झा.

साखळी मात्र होती तिथंच.
कारण साखळी थांबते.
एक बोलतो, बाकीचे ऐकतात,
आणि दोन तृतीयांशांनी हो म्हणेपर्यंत
घडलेलं काहीच घडलेलं नसतं.
पंगतीत शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय
पहिल्यानं घास उचलू नये, तसं.
अगदी शेवटच्या नसेल, पण बऱ्याच लांबच्या.
तोच अपूर्णांक बघून मी हसले.
ज्याच्यापासून पळाले, तो इथं दारात बसलेला.

आलेखाला शेपूट होतं. टोकाला डबुक, आयोवा:
एझ्रा लिंडक्विस्ट, एकाहत्तर,
तळघरात एक संगणक,
आणि त्याच्यामागे अख्ख्या गल्लीचा विश्वास,
आकड्यांत मोजून ठेवलेला.
"काढून टाका," दोन नंबरचं टेबल म्हणालं.

मी फोन लावला. मागे काहीतरी घुमत होतं.
"रविवारीच उशीर होतो ना?" त्यानंच विचारलं.
"रविवारी टॉवेल असतात.
यंत्र पिळायला लागलं की फळी हादरते,
फळीवर संगणक."
जुनी, फिरती डिस्क. हादरली की वाचायचं विसरणारी.
"खाली काहीतरी मऊ घाला," मी म्हटलं,
तीन पदव्या आणि अकरा वर्षांनंतर.

चार वाजता शेपूट आखडलं.
एकशे चाळीस मिलिसेकंद.
एवढे मी जन्मात एका दिवशी वाचवले नव्हते.
वेंडेलला कळवलं. तो म्हणाला, "कुठला मनोरा?"
"मनोरा नाही. घडी घातलेला टॉवेल."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मी मोजला नाही.

आज परत रविवार.
आलेख उघडून बसले आहे.
साखळी सरकते, थांबते, विचारते, सरकते.
डबुकला आत्ता पिळणं चालू असेल.