सध्याचा पत्ता

यादीत माझं नाव चौतिसावं होतं,
वसतिगृहात खाटा अठ्ठावीस.
संख्याशास्त्राला प्रवेश घेतलेल्या मुलीला
एवढी वजाबाकी तोंडी येते.

पहिला महिना जुळे सोलापुरात, आईच्या मावसभावाच्या हॉलमध्ये.
टीव्ही बंद झाला की माझी रात्र सुरू,
आणि मामींची मालिका अकराला संपायची.
मग बाळ्याला, पेइंग गेस्ट: सहा जणी, एक आरसा,
कपाटाची किल्ली गळ्यात.
मेसच्या काकू डाळीला पातळ म्हणायच्या नाहीत,
"आज आमटी हलकी आहे" म्हणायच्या.
मी सोडलं ते डाळीमुळे नाही.
फाटक साडेआठला बंद व्हायचं
आणि ग्रंथालय नऊला.

शेवटी साखर पेठेत, चिप्पांच्या माडीवर.
खाली चार माग, वर आम्ही तिघी:
अक्कलकोटकडची महानंदा बिराजदार, कन्नड शाळेत शिकलेली,
मोहोळची तहसीन नदाफ,
आणि मी, जेऊरची, गादीशिवाय आलेली.
पहिल्या रात्री फरशी थरथरत होती.
स्टुलावरचा पेला चालत चालत कडेला आला,
तहसीननं झोपेतच झेलला.
तिसऱ्या आठवड्यात मी मागाच्या ठेक्यावर
सूत्रं पाठ करत होते.

राजमणीअक्का दारातच बसलेल्या असायच्या,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
हजार विड्यांपैकी किती झाल्या
हे त्यांची मान किती झुकली त्यावरून कळायचं.
आमच्याशी बोलणं दोनच गोष्टींवर, नळ आणि दिवा.
"पाणी पाच दिवसाला येते. बादली मोजून."
"बारा वाजले. दिवा कशाला?"
आम्ही दाराच्या फटीला चादर लावायचो.
सोलापुरात चादरीला काय तोटा!

मग बसचा पास.
खिडकीतला कारकून म्हणाला, सध्याच्या पत्त्याचा पुरावा?
करार नाही? मालकिणीकडून लिहून आणा.

अक्कांनी विडीचा दोरा दातात धरला
आणि एका दमात लिहिलं, तेलुगूत.
गोल गोल अक्षरं,
भुईमुगाच्या शेंगा निवडून ओळीत मांडाव्यात तशी.
मला एकही लागेना.
महानंदानं कागद उजेडात नेला.
दोन्ही लिप्या चुलत बहिणी, त्यामुळे अडखळत का होईना
ती आवाज काढत गेली, अर्थ न कळता.
खालचा कांड्या भरणारा व्यंकट जिन्यात उभा राहिला.
त्याला तेलुगू कळायचं, वाचता यायचं नाही;
शाळा मराठी होती त्याची.
ती वाचत होती, तो सांगत होता,
तहसीन लिहून घेत होती:

ही पोरगी माझ्याकडे राहते.
भाडं पाच तारखेला देते, एकदा सातला दिलं.
पाणी सांडत नाही.
रात्री दोनपर्यंत अभ्यास करते, फटीला चादर लावते,
मला दिसते.
दिव्याचे पैसे मी धरले नाहीत.

कुणी काही बोललं नाही.
व्यंकट म्हणाला, जाऊ का, कांड्या संपल्यात खाली.

कारकुनानं दोन्ही कागद पाहिले,
आणि शिक्का मारला तो तेलुगूवर.
"सही आहे ना? झालं मग."

फेब्रुवारीत विद्यापीठातून फोन आला,
एक खाट रिकामी झाली आहे, संध्याकाळपर्यंत कळवा.
बसचे पैसे वाचतात, मेस स्वस्त,
ग्रंथालय चालत चार मिनिटं.
वजाबाकी पुन्हा तोंडी आली.
निघताना अक्कांनी मान वर केली नाही,
फक्त म्हणाल्या, "बादली ठेव. आमची आहे."
ती खरंच त्यांची होती.

आता लोखंडी खाट आहे,
भिंतीवर सतरा नियम, खिडकीत कडुलिंब,
आणि रात्री इतकं शांत
की हायवेवरचा ट्रक गिअर बदलतो तेही कळतं.
काल झोपण्याआधी मी पेला
स्टुलाच्या अगदी कडेला ठेवला.

सकाळी तिथंच होता.