सम ओळी, विषम ओळी

अकरा टेप. बुटांच्या खोक्यात,
मधे मधे मिठाची एकेक पुरचुंडी, ओल धरू नये म्हणून.
ही ताइस्तोची, म्हणजे माझ्या बापाची, युक्ती.
लेबलांवर त्याचं टोकदार अक्षर:
‘तळं’, ‘बर्फ’, ‘इल्पोचा दात’, ‘इतर’, ‘इतर’, ‘इतर’.

केमीत नोव्हेंबर. तीन वाजताच अंधारून येतं,
तेव्हा वेळच वेळ.
कॅमेऱ्याचं झाकण लागत नाही, रबरबँड लावलाय.
कापसावर स्पिरिट घेऊन हेड पुसलं,
बोळा तपकिरी झाला.
कुठल्या उन्हाळ्याचा रंग तो, कोण सांगणार.

टेपला घाई चालत नाही.
तासाची टेप उतरायला तासच लागतो.
तापत ठेवलेल्या दुधापाशी बसावं तशी मी बसते.

तारीख त्याने कधी लावलीच नाही.
कोपऱ्यात कायम एक जानेवारी त्र्याण्णव.
एक जानेवारीला आम्ही तळ्यात पोहतोय,
एक जानेवारीला ब्लूबेरी वेचतोय, जिभा जांभळ्या,
एक जानेवारीला आजोबांना पुरून परततोय
आणि पेनी कुत्रा
दर एक जानेवारीला थोडा म्हातारा.

पहिली फाइल टीव्हीने हुंगली आणि नाकारली.
दुसरी घेतली, पण माणसं आडवी ताणली.
आई खुर्चीतून म्हणाली, ‘उर्पो इतका जाडा कधीच नव्हता.
पैसे बुडवले त्याने आमचे, पण जाडा नव्हता.’
सेटिंग बदललं. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या,
मधे उर्पो, पुन्हा सडपातळ, पुन्हा देणेकरी.

मग फण्या दिसायला लागल्या.
या कॅमेऱ्याचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं:
आधी विषम ओळी, मग सम,
मधे सेकंदाचा पन्नासावा हिस्सा.
जुन्या टीव्हीला ते सांधायची सवय होती.
नवा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो,
त्यामुळे जो हलला त्याच्या कडांना दात फुटतात.
बाकावरची आजी अखंड, चहाच्या कपासकट.
इल्पो धावतोय, तो अर्धा विस्कटलेला.
पेनी तर नुसती फणीच.
प्रोग्राम विचारतो: एक अर्ध टाकून देऊ?
की गाळलेल्या ओळी अंदाजाने भरू?
मी अंदाज निवडला. रात्रभर पंखा घरघरत होता.

‘इतर’ क्रमांक तीन. कॅमेरा बंद करायला विसरलाय.
एकेचाळीस मिनिटं स्वयंपाकघराची जमीन,
टेबलाचा एक पाय,
मोजा घातलेली टाच येते, जाते, थांबते.
बटाटे सोलल्याचा आवाज.
मी तेवढा तुकडा कापून टाकला. कोण बघणार आहे?

रविवारी आईने बाकीचं सगळं पाहिलं,
विणता विणता, मान फारशी वर न करता.
शेवटी म्हणाली,
‘आणि ती टाच?’

तो गेल्यावरच्या हिवाळ्यात
तिने कॅमेऱ्याच्या त्या छोट्या खिडकीला डोळा लावून
बॅटरी संपेपर्यंत पाहिली होती. पुन्हा चार्ज करून, पुन्हा.
मग बॅटरीने चार्ज धरणं सोडलं.
मला यातलं काही माहीत नव्हतं.
मी तेव्हा दर रविवारी फोन करायचे
आणि ती हवामान सांगायची.

तुकडा पुन्हा जोडला. पुन्हा तास.
आता भिंतीवर हातभर मोठी टाच.
आईने सुया खाली ठेवल्या. ‘अगं, हिरवा!’
छोट्या खिडकीत सगळं काळं-पांढरं होतं,
मोजा करडाच म्हणून तिच्या मनात बसला होता,
स्वतः विणलेला असून.

पडद्याबाहेरून बाप विचारतो, ‘कॉफी आहे का?’
पडद्याबाहेरूनच तरुण आवाज, ‘संपली.’
‘होती,’ आई मला म्हणाली. ‘लपवून ठेवली होती.’
आणि पुढे काही नाही.

तेविसाव्या मिनिटाला टीव्हीवर चौकट आली:
बराच वेळ कुणी बटण दाबलेलं नाही.
अजून पाहताय का?

रिमोट माझ्याकडे होता.
‘हो म्हण त्याला,’ आई म्हणाली.