धडा

रौमाच्या बाजारात मी मासे विकते.
बावीस वर्षं झाली. थंडीत बोटांना चिरा पडतात,
हातमोजे घालून हेरिंग नीट गुंडाळता येत नाही.
वजनाचं मला सांगू नका.
आधी रिकाम्या भांड्याचा धडा करायचा, मग मासा.
गिऱ्हाईक काट्याकडे बघतं, मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे.

तर मंगळवारी इल्पोला घेऊन दवाखान्यात गेले.
माझा भाऊ. एकेचाळीस वर्षांचा.
काट्यावर चढण्याआधी त्यानं बूट काढले,
मग स्वेटर, मग पट्टा,
मग खिशातली सायकलची किल्लीही टेबलावर ठेवली.
एकशे अठरा.
ही गोळी सुरू केली तेव्हा ऐंशी होता.
नर्सनं कमरेभोवती टेप फिरवली.
"जहाज बांधताय का धक्क्याला?" इल्पो म्हणाला.
ती हसली. टेप पुरली, जेमतेम.

हक्कोला डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला:
उपाशीपोटीची साखर, चरबी, पांढऱ्या पेशी,
हृदयाची ती डोंगराडोंगरांची रेघ.
पोट साफ होतं का, हे त्या दर वेळी विचारतात
आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवत नाहीत.
या औषधानं आतडं थांबू शकतं,
त्यानं माणूस जाऊ शकतो, म्हणाल्या.
इतक्या साध्या गोष्टीनं.

हे सगळं एका पारड्यात.

दुसऱ्यात काय ठेवू?
माझ्याकडे ठेवायला आहे ते नुसतं नसणं.
रेडिएटरमधून बोलणारा तो माणूस नाही.
खिडक्यांना चिकटवलेला चंदेरी कागद नाही.
नऊ वर्षांपूर्वीचा तो मार्च नाही,
बंदराबाहेरचं बर्फ मऊ पडलं होतं
आणि इल्पो त्यावरून निघाला होता, नुसत्या मोज्यांवर,
कारण पलीकडून त्याला बोलावलं होतं.
मी किनाऱ्यावरून त्याचं नाव ओरडत होते.
त्याच्या डोक्यातल्या गर्दीत
माझा आवाज पासंगालाही पुरत नव्हता.

"थोडी कमी करा ना," मी म्हटलं.
"करता येईल," बाई म्हणाल्या. "हळूहळू. बघत बघत.
साखरेसाठी दुसरी गोळी जोडता येईल. चालणं वाढवता येईल.
औषध सोडणारे जास्त जगतात, असंही काही नाही.
पण इल्पोचं नेमकं काय होईल, ते मला माहीत नाही."
मला हे शेवटचं वाक्य आवडलं.
बाजारात असं कुणी बोलत नाही.

इल्पो इतका वेळ किल्ली फिरवत बसला होता.
"रात्री लाळेनं उशी भिजते," तो म्हणाला, "मी टॉवेल घालतो.
बारा तास झोपतो तरी सकाळ ओली वाळू वाटते.
पूर्वी तो माझी पावलं मोजायचा,
आता तुम्ही पेशी मोजता.
तुम्ही निदान विचारून सुई टोचता."
मग माझ्याकडे वळला.
"आणि तू, रायली, मघापासून तोलते आहेस मला.
धडा केलास का?
रिकामं भांडं किती भरतं, सांग ना.
आजार नसलेला, गोळी नसलेला इल्पो
कुठल्या काट्यावर चढला होता कधी?"

मला उत्तर सुचलं नाही.
बावीस वर्षं बाजारात बसून.

पाव गोळी कमी, असं त्यानंच ठरवलं.
आणि पुन्हा बोलणं ऐकू आलं तर कुणाला फोन करायचा,
ते स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं:
आधी नर्स. मग मी. कंसात: रायली ओरडते.

त्या रात्री मी त्याच्याकडे थांबले.
राईची भाकर, काकडी, त्यानं लोणी न लावता खाल्ली
आणि मला दाखवून दाखवून तोंड वाकडं केलं.
साडेदहाला रेडिएटर टकटकला.
आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं.
"पाणी आहे," तो म्हणाला,
टॉवेल उशीवर सारखा केला आणि झोपला.

मी मात्र उठले.
लोखंडाला कान लावून
बराच वेळ उभी राहिले.