गोड

मिस आयोनच्या वर्गात पंखा नाही.
वारा समुद्राचा, आणि वाऱ्याला सुक्या जायपत्रीचा वास.
खाली ग्वावच्या धक्क्यालगत वखार आहे,
तिथं डेल्विनाची आई दिवसभर जायफळं निवडते.

शेवटच्या वर्षाला एक इंग्रजी कादंबरी लावलेली.
तीस वर्षं तीच.
कणा मोडलेल्या चाळीस प्रती,
समासात तीन पिढ्यांच्या पेन्सिली.
पान दोनशे अकरा:
बाईसाहेब चांदीच्या किसणीवर जायफळ किसतात,
कस्टर्डवर,
आणि पलीकडच्या खोलीत धाकटीचं लग्न ठरतं.
प्रश्नही ठरलेला, गुण दहा:
'गृहव्यवस्थेतून आईचा स्वभाव स्पष्ट करा.'

मिस आयोन दोन वर्षं लीड्सला राहून आली
एक जाड कोट आणि एक लांबलचक शब्द घेऊन.
कोट ग्रेनाडात कधी घालता आला नाही.
शब्द तिनं फळ्यावर लिहिला,
खडू दोनदा मोडला.
मग म्हणाली, राहू द्या.
सांगा, हे जायफळ कुणी तोडलं?

आम्ही! पोरं एका सुरात ओरडली,
बाकं बडवली.
डेल्विना ओरडली नाही.

आठवडाभर ती वाचनालयात बसली
आणि सोमवारी उभी राहून म्हणाली,
मिस, ते जायफळ आपलं नाही.
कादंबरीतलं साल बघा,
तेव्हा या बेटावर जायफळाचं झाड नव्हतं.
ते लांब पूर्वेचं, बांदा बेटांवरचं.
तिथली माणसंही मारली होती, पण ती गोष्ट वेगळी,
म्हणजे वेगळी नाही,
पण आपली नाही.
आपलं त्या वाटीत दुसरंच काही आहे.
आई जायफळं पाण्यात टाकते ना, मिस,
पोकळ वर येतात, भरीव तळाला जातात.
मी ते पान तसं पाण्यात टाकलं.
जायफळ तरंगलं. चांदीसुद्धा तरंगली.
तळाला एकच शब्द गेला: गोड.
'किती गोड झालंय,' असं धाकटी म्हणते, बस्स.
साखर हा शब्द अख्ख्या कादंबरीत नाही.
मी बघितलं. दोनदा.

वरच्या डोंगरात उसाच्या घाण्याचं
गंजलेलं चाक आहे,
त्याला कुणी ना कुणी शेळी बांधतं.
वर्गातल्या सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं.
त्या दिवशी खिडकीतून ते दिसत नव्हतं,
तरी सगळे तिकडेच बघत होते.

मिस आयोननं पुस्तक मिटलं नाही.
तिला ती कादंबरी आवडते, हीच तर पंचाईत.
चर्चच्या प्रसंगाला तिचा आवाज अजून भरून येतो,
दरवर्षी, त्याच ओळीला,
आणि पोरं ते ओळखून आधीच माना खाली घालतात.
सिद्धान्तात याला जागा कुठे, हे तिनं शोधलं होतं,
तो जाड कोट अंगावर असताना.
पानांच्या तळटीपांपर्यंत.

माझ्या भाषेत त्या लांबलचक शब्दाची सुरुवात 'उत्तर'नं होते.
उत्तर म्हणजे नंतरचं.
उत्तर म्हणजे ती दिशा, जिकडून जहाजं आली.
आणि उत्तर म्हणजे
दहा गुणांसाठी जे लिहून द्यायचं असतं ते.
मिस आयोनला हे सांगायला मला आवडलं असतं.
पण तिला मराठी येत नाही, मला तिची घरची बोली.
आम्ही इंग्रजीतच बोललो असतो
आणि इंग्रजीत हा विनोद होत नाही.

डेल्विनानं परीक्षेत दीड पान लिहिलं.
दहापैकी चार.
शेरा: 'प्रश्नाला धरून नाही.'

निकालाच्या संध्याकाळी आईनं कोको उकळला.
खिळ्यानं भोकं पाडलेला पत्र्याचा डबा,
तीच किसणी,
त्यावर अर्धं जायफळ, बोटं सांभाळत.
वखारीतल्या पाण्यानं बोटं तशीही सुरकुतलेली.
मग डबा खाली ठेवून तिनं विचारलं,
साखर किती घालू?

डेल्विनाला लगेच सांगता येईना.