एक्केचाळीस नंबर

आमच्याकडे ऐंशी गायी आणि एक मुलगा.
दूध दर तिसऱ्या दिवशी टँकर घेऊन जातो.
मुलाला त्यातला थेंबही द्यायचा नाही,
असं सीत्स्केनं फेब्रुवारीत ठरवलं.
गहू नाही, दूध नाही, चीज तर नावालाही नाही.
फ्रीसलंडमध्ये! गोठ्याला लागून असलेल्या घरात!

वोबेला सात वर्षं. खायचा पाचच गोष्टी,
पाचही पांढऱ्या:
पाव, दूध, दही, सोललेलं सफरचंद,
आणि बटाटा, तोही काठ उडालेल्या त्या एका ताटलीतला.
तीन तिनं काढून घेतल्या.

मी हसलो नाही तिला.
रात्री तीनला मुलगा भिंतीवर डोकं आपटत असेल
तर माणूस काय काय करून बघत नाही.
कुणी म्हटलं असतं, उंबऱ्यावर मीठ पेरा,
तर मी पोतं आणलं असतं.
लेऊवार्डनची डॉक्टरीण म्हणाली,
पुरावा तसा फारसा नाही,
वजनावर मात्र लक्ष ठेवा.

मग निळी वही आली.
काय खाल्लं, किती झोपला, किती ओरडला, शी कशी झाली.
मग तांदळाच्या पिठाचा पाव आला.
पहिल्या पावाची उटी लावून
मी आठवडाभर फाटक उघडं ठेवलं.

सातव्या आठवड्यात तो सहा तास सलग झोपला.
आणि गुरुवारी, दोन वर्षांनी,
सीत्स्केची बाही ओढून म्हणाला: दार.
तिनं ते लाल पेननं लिहिलं, दोनदा,
आणि उभ्या उभ्याच बहिणीला फोन लावला.

आता माझं.

पहाटे पाचला तो माझ्याबरोबर गोठ्यात येतो,
मशीनच्या ठोक्यावर बोटं हलवत.
दुसऱ्याच आठवड्यात एक्केचाळीस नंबरपाशी थांबला
आणि माझा मग माझ्यापुढे धरला.
मी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं,
स्वतःच्याच गोठ्यात,
आणि भरून दिला. मग रोजच.
वजन उतरतंय म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो.
खरं म्हणजे त्यानं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सीत्स्के टाकी धुवायला मागे गेली
ती लवकर आलीच नाही.
मागच्या भिंतीवर खडूनं, ओळ न ओळ सरळ:
तारीख, ४१, एक मग.
तारीख, ४१, एक मग.
रविवारी दीड.
एकोणपन्नास ओळी.
खोटं बोलणं त्याला जमत नाही,
माझ्या वाटचंसुद्धा.

भांडली असती तर बरं झालं असतं.
उलट्या बादलीवर बसली, हात पुसले, म्हणाली,
"मग सातव्या आठवड्यात काय झालं होतं, येल्ते?"

मी आठवून पाहिलं.
त्या आठवड्यात कालव्यावरचा पंप बिघडला होता,
दिवसरात्र घुमणारा, तो गप्प होता.
वोबेचा एक दात पडला होता.
संध्याकाळी जरा जास्त वेळ उजेड राहू लागला होता.
किंवा काहीच नव्हतं,
तो फक्त एका आठवड्यानं मोठा झाला होता.
"ठाऊक नाही," मी म्हटलं.
हे उत्तर मी एरवी विषय मिटवायला देतो.

वही आता कपाटावर पडून असते.
टाकवत नाही, त्यात ती लाल ओळ आहे.
पाव मात्र ती अजूनही तांदळाचाच करते.
गव्हाचा मऊ पाव समोर ठेवून पाहिला,
वोबेनं तो दोन बोटांनी उचलून माझ्या ताटात टाकला.
त्याला तो दगडच हवा,
दुधात बुडवून.

काल रात्री तो पुन्हा म्हणाला: दार.
आम्ही दोघंही उठलो.
बाहेर काही नव्हतं, नेहमीचा वारा.
तो बराच वेळ बघत उभा राहिला,
आम्हीही.