सतरा बाय सहा

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या.
तासगाव, पलूस, मिरज पूर्व.
आधी साखळी, मग टेप, मग तिपाईवरचं ते यंत्र.
बांधावर उभे राहून सख्खे भाऊ
हातभर मातीसाठी माझ्याकडं असे बघायचे
जणू ती माझ्याच खिशातून निघणार आहे.

आता रिटायर झालो, आणि शोधतोय
गट नंबर नसलेलं घर.

कुपवाडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
दस्तगीरभाईंच्या शेडमध्ये तीन गाड्या उभ्या.
एक कोरा ट्रॅव्हलर, कर्जाशिवाय न हलणारा.
एक शाळेची छोटी बस, पिवळी,
बाकांखाली अजून च्युइंगम.
आणि मिरजेच्या कुठल्याशा दवाखान्याची
बारा वर्षं पळून दमलेली ॲम्ब्युलन्स.
तिची लाल अक्षरं खरवडलीत,
पण ऊन तिरपं पडलं की वाचता येतात. उलटी.

मी छताची उंची घेतली, चाकांमधलं अंतर घेतलं,
पेन्शनीतून डिझेल वजा केलं.
त्रिशलानं एवढंच विचारलं,
"चपला कुठं काढायच्या?"

दस्तगीरभाईंनी पाना खाली ठेवला.
"तीस वर्षं बॉडी बांधतोय वहिनी,
हे कुणी विचारलं नव्हतं."

मग ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली
आणि सरळ आडवी झाली, डोळे मिटून.
मी टेप धरून नुसता उभा.
"पाय पुरतात," आतून म्हणाली,
"पण इथं झोपलेल्या प्रत्येकाला उतरायची घाई होती हो.
आपल्याला राहायचंय."

आमचं घर कर्नाळ रोडला.
महापुरानंतर तीनदा रंग दिला,
तरी खांद्याच्या उंचीवर ती मातकट रेघ
भिंतीतून परत वर येते.
ऑगस्टात सकाळी उठल्यावर आम्ही एकमेकांना
झोप लागली का, असं विचारत नाही.
आयर्विनला किती फूट, ते विचारतो.
पाण्याआधी निघू शकेल असं घर हवं,
एवढीच खरं तर अट.

तिन्हींचं आतलं माप वितीच्या फरकानं तेच.
गच्चीवर खडूनं आखलं: सतरा बाय सहा.
ठरलं, आठ दिवस ह्यात राहून बघू.

पहिल्या रात्री कळलं,
ती कुशीवर वळली की मी उठून बसायचं.
दुसऱ्या दिवशी भांडलो, आणि जायला खोली नव्हती.
ती तिकडं तोंड करून बसली, मी इकडं.
पाठीला पाठ लागली.
बराच वेळ कुणीच बोललं नाही. पाठ गरम होती.
"दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं आपण,
बॅटरी पुरेल," हे तिनं माझ्या वहीत लिहिलं,
जमेच्या बाजूला.

सन्मतीचा पुण्याहून फोन:
"बाबा, मग मी यायचं कुठं?"
वर्षातून दीड दिवस येतो तो.
तरी मी टेप काढला.
आईच्या पायाशी साडेतीन फूट निघतात,
पाचवीपर्यंत झोपायचा तेवढेच.

सहाव्या दिवशी फोडणी तडतडत असताना
ती रेघ ओलांडून कढीपत्त्याच्या कुंडीकडं निघाली.
"हद्द," मी म्हणालो. सवयीनं.
तिनं पायाच्या अंगठ्यानं खडू पुसला, हातभर.
"इथं दार," म्हणाली, "आणि दाराला पायरी."

पायरी होती फक्त बसला.
दोन पायऱ्या, घासून गुळगुळीत,
खालच्या पायरीवर दोन जोड नीट मावतात.

दस्तगीरभाईंना इसार दिला.
बाकं सगळी काढा, म्हणाली,
मागचं एक राहू दे. त्याच्याखालचं च्युइंगमसुद्धा.
का, ते मी विचारलं नाही.

घराचं काय करायचं, अजून ठरलेलं नाही.
अर्जातल्या कायमच्या पत्त्याच्या रकान्यावर
माझं पेन दोन दिवस झाले, तसंच आहे.